राखेत घोळलेलं बी

खूप खूप मागे, राजांची भांडणं नगाऱ्यानं सुरू होत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्यात एक मुलगी होती. विद्यापीठात शेतीचं शास्त्र शिकलेली, हुशार, पण भारी भित्री. भांडं पडलं तरी तिच्या छातीत धस्स होई. शेजारच्या राज्यात दोन राजांची तीन वर्षं लढाई पेटली होती. तिथल्या लोकांनी पोटासाठी बियाणंसुद्धा खाऊन संपवलं, असं तिच्या कानावर आलं आणि तिच्या घशाखाली घास उतरेना. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती आपण होऊन निघाली.

"अगं, तू मांजराला दचकतेस. लढाईत जाऊन काय करशील?" आई म्हणाली.

"दचकत दचकत जाईन," मुलगी म्हणाली.

गाढवावर ज्वारीच्या बियाण्याची दोन पोती लादून ती सीमेपलीकडे पोचली. पहिलंच गाव समोर दिसत होतं. मधे फक्त एक ओढा. ती पाण्यात उतरली आणि डोंगरामागे नगारा वाजला. ती इतकी दचकली, की हातातली दोरी सुटली. गाढव बिथरलं, आणि दोन्ही पोती पाण्यात!

रडत रडत तिनं ती ओढून काढली, तोवर बी चिंब झालं होतं. तिच्या शेतीशास्त्राच्या पोथीत तर स्पष्ट लिहिलं होतं, भिजलेलं बी ठेवलं की कुजतं. रानातली ओल चारच दिवस टिकणार होती. ही पेरणी हुकली, तर गाव उपाशी मरणार होतं.

'कुणाला सांगायचं नाही. गुपचूप वाळवू,' असं ठरवून तिनं पडक्या देवळामागे बी पसरलं.

"काय गं, पाखरांची पंगत बसवलीस का?"

ती ताडकन उठली. मागे गावातली एक म्हातारी उभी होती. मुलीला खोटं बोलता आलं असतं. पण म्हातारीच्या गळ्याची वर आलेली हाडं दिसली आणि तिला ते जमलं नाही.

"आजी, तुमचं बी मी बुडवलं," ती हुंदका देत म्हणाली.

म्हातारीनं एक दाणा नखानं दाबून पाहिला. "कुजायला याला चार दिवस लागतील. उगवायला मात्र आजच तयार आहे. मग आजच पेरू की!"

"ओलं बी पेरायच्या पाभरीच्या नळीत अडकतं, आजी."

"राखेत घोळायचं. दाणा न् दाणा सुटा होतो. आणि राखेला इथे काय तोटा? दोन्ही राजांनी मिळून निम्मं गाव जाळून ठेवलंय."

गाव गोळा झालं. बायकांनी आपापल्या जळक्या घरातून सुपानं राख आणली.

"हे माझं माजघर," एकीनं बियाण्यावर सूप उलटं केलं.

"हा माझा देव्हारा," दुसरी म्हणाली. दोघी हसल्या आणि पुन्हा राख आणायला वळल्या.

बैल सैन्यानं नेले होते. पाभरींना माणसंच जुंपली. "हळू हाका गं! आज वैरण मिळालेली नाही!" एक म्हातारा पुढून ओरडला. मुलीला चाड्यावर, पाभरीच्या वाटीत मुठीनं बी सोडायला, उभं केलं. तिची मूठ थरथर कापत होती.

"आजी, माझा हात बघा ना."

"कापू दे. बी पडतंय ना?"

दोनदा नगारा वाजला. दोन्ही वेळा सगळे पाभरीनं ओढलेल्या तासातच पालथे पडले आणि पुन्हा उठले. उठताना मुलीनं पाहिलं, म्हातारीचे ओठही पांढरे पडले होते.

"आजी, तुम्हीसुद्धा भिता?"

"तीन वर्षं, रोज. सवय कुठली होतेय मेली!"

दिवस मावळायच्या आत शेवटचं तास पुरं झालं.

लढाई थांबली नाही. पण ज्वारी आली. दाणे जमिनीखालच्या पेवात सुखरूप उतरले आणि चुली पेटल्या.

निघायच्या दिवशी गावकरी हात जोडून आले, तर मुलीनंच म्हातारीचे पाय धरले.

"आजी, चूक माझी. निभावलीत तुम्ही. आभार मी मानायचे!"

"तू आली नसतीस, तर त्या राखेत आम्ही काय घोळलं असतं?" म्हातारीनं तिला उठवून जवळ घेतलं.

पुढच्या गावात या ज्वारीतलं बी उतरवण्याआधी मुलीनं तिथल्या बायकांना विचारलं, "तुम्ही कसं पेरता? आधी मला शिकवा."

बोध एवढाच: ज्यांच्या मदतीला आपण जातो, त्यांची मदत घ्यायलाही शिकावं, तरच आपलं देणं रुजतं.