कुदळीविना बाहुले

एका राज्यात एकच नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांपलीकडे नुसती वाळू. त्या राज्यात मेलेल्या माणसालाही शेती चुकत नसे. मरणापलीकडे प्रत्येकाच्या नावे एक शेत असे, आणि तिथला मुकादम रोज सकाळी हाक मारी, "चला, कामाला चला!" म्हणून लोक मेलेल्याच्या उशाशी वीतभर उंचीचा मातीचा बाहुला ठेवीत. हाक आली की बाहुला म्हणे, "हा मी, आलोच," आणि धन्याच्या जागी राबायला जाई. गरिबाला एक बाहुला, राजाला तीनशे पासष्ट, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.

हे बाहुले पाशेद नावाचा म्हातारा घडवी. त्याची मुलगी मेरिता त्यांना निळी झिलई देई. बापलेकीचा हात असा, की भट्टीतून निघालेला बाहुला आता बोलेल असे वाटावे.

त्या राज्याचा राजा तेमेरू देखणा होता, आणि दुर्दैवाने हे त्याला ठाऊक होते. त्याने पाशेदला बोलावले.

"माझ्या बाहुल्यांना माझाच चेहरा हवा. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड."

"आणि कुदळ, महाराज?"

"राजाच्या हातात कुदळ शोभते?"

शोभत नाही, पण लागते, हे पाशेदच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. राजासमोर शहाणी माणसे असेच गिळत आली आहेत.

पुढे राजा वारला. बाहुले उशाशी मांडले, थडगे बंद झाले. त्या वर्षी नदीला पूर आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी नदीचे पात्र भेगाळले आणि चुली थंड पडल्या. राजाचे पलीकडचे शेत पडीक राहिले, तर अलीकडची नदी फुगत नसे. तिथला कायदाच तसा होता.

राणीच्या मांत्रिकाने राखेत पाहिले आणि तो म्हणाला, "बाहुले राबत नाहीत. त्यांच्या जागी तीनशे पासष्ट जिवंत माणसे थडग्यात बंद करावी लागतील. पहिला तो बाहुलेवाला."

राणी रडली, पण रडून पाणी येत नव्हते. तिने यादी करायला सांगितली. मेरिता तिच्या पायाशी बसली.

"राणीसाहेब, मला तीन दिवस द्या."

"दिले. तिसऱ्या दिवशी माध्यान्हीला दार बंद होईल."

घरी पाशेद म्हणाला, "पोरी, चूक माझी आहे. तेव्हाच बोललो असतो तर!"

"आता बोललात ना बाबा? मग पुढचे मी बघते."

अंगणात एक शराटी पक्षीण उतरली. पांढरी, काळ्या मानेची, कुदळीसारख्या वाकड्या चोचीची. ती म्हणाली, "तीन कामे कर, मुली. नदीच्या पोटातली ओली माती आण. थडग्याच्या नागाला वाट माग. आणि राजाच्या तोंडून एक शब्द काढ."

"कोणता शब्द?"

"तो त्यालाच सुचला पाहिजे," असे म्हणून शराटी उडून गेली.

पहिल्या दिवशी मेरिताने कोरडे पात्र खणले. दीड पुरुष खोल गेल्यावर ओली माती लागली. तळहाताला फोड आले होते, पण माती हाताला लागताच ती आनंदाने रडली.

दुसऱ्या दिवशी ती थडग्यापाशी गेली. दाराच्या फटीत नाग बसला होता.

"काय न्यायला आलीस?"

"न्यायला नाही, द्यायला आले आहे. राहिलेले."

नाग आजवर फक्त चोरांशीच बोलला होता. तो बाजूला झाला आणि ती फटीतून आत शिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडच्या शेतात पोहोचली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. बांधावर तीनशे पासष्ट राजे बसले होते. मुकादमाने हाक मारली की पहिला दुसऱ्याला फर्मावी, "जा, नांगर!" दुसरा तिसऱ्याला फर्मावी. शेवटचा पुन्हा पहिल्याला. आणि शेताच्या मधोमध एकच माणूस वाकून हातांनी ढेकळे फोडत होता. तो खरा तेमेरू होता. तीन वर्षांत त्याच्या चार सऱ्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या.

मेरिताने ओल्या मातीच्या तीनशे पासष्ट कुदळी वळल्या आणि बांधावर मांडल्या. बाहुल्यांनी तोंडे फिरवली.

"आम्ही राजे आहोत. कुदळ आम्हाला शोभत नाही."

"महाराज," ती म्हणाली, "माध्यान्हीला माझे बाबा तुमच्या थडग्यात बंद होतील. त्यांच्यामागे तीनशे चौसष्ट जण उभे आहेत."

तेमेरूने तिच्या तळहातावरचे फोड पाहिले, मग आपले. त्याने मुकुट काढून ढेकळांत ठेवला.

"शोभते," तो म्हणाला. "मला शोभते."

चेहरा त्याचाच, तेव्हा तीनशे पासष्ट मुकुट एकदम उतरले. राजदंड बांधावर पडले. "हा मी, आलोच!" असा एकच गजर झाला आणि कुदळी मातीत रुतल्या. तेमेरू तीन वर्षांनी खाली बसला आणि दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, "हुश्श!"

इकडे पाशेद उंबऱ्यावर उभा होता आणि दार ढकलले जात होते. त्याच्या घोट्याला गार काही लागले. खाली पाहतो तर पाणी! गढूळ, फेसाळ, सात जन्मांचे सुख देणारे पाणी. यादीतली माणसे त्यात बसूनच राहिली, हसत आणि रडत. मांत्रिकाची यादी वाहून गेली. ती आणायला तो काही पोहत गेला नाही. फटीतून मेरिता बाहेर आली तेव्हा बापाने तिला इतके घट्ट धरले, की दोघेही पाण्यात पडली.

पीक घरात आले तेव्हा राणीने पाशेदला बोलावले.

"आता माझे बाहुले घडव. मुकुट अगदी लहानसा चालेल."

पाशेदने घसा खाकरला.

"नाही, राणीसाहेब. आधी कुदळ."

राणी मोकळेपणाने हसली. "बरे, कुदळ," ती म्हणाली. बाहेर नदी काठोकाठ वाहत होती. तशीच ती ऐकणाऱ्यांच्या दारीही वाहो, आणि वेळेवर बोलायचे धैर्य सर्वांना मिळो.