सरदारांचा कोंबडा आणि तळ्यातली बदकं

हिरडगडच्या तळ्यावरची बदकं मरू लागली, तेव्हा कॉलेजातून सुटीला आलेली राजेसाहेबांची भाची मैनावती कडाडली, "शिकारीतले शिशाचे छर्रे तळ्यात पडतात. बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषाने मरतात!" राजेसाहेबांनी फक्त लोखंडी छर्ऱ्यांची काडतुसं वापरायचा हुकूम काढला. तरी बदकं मरतच राहिली.

शिकारखान्याचे प्रमुख सरदार घोरमाडे काखेत लाडका झुंजीचा कोंबडा आणि नोकरांच्या डोक्यावर काडतुसांच्या दोन पेट्या घेऊन दरबारात आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "माझ्या दोन्ही पेट्यांत लोखंडच आहे. बदकांना रोग झालाय. पोरीच्या नादाने उद्याची शिकार थांबवायची का?"

मैनावतीने दोन्ही पेट्यांतलं एकेक काडतूस फोडलं. छर्रे दिसायला अगदी सारखे. "लोखंडच ना, सरदारकाका? मग कोंबडा सोडा खाली. तोही खडे टिपतोच की."

पहिल्या पेटीतले छर्रे तिने पसरले. कोंबड्याने दोन टिपले. सरदार हसत राहिले. दुसऱ्या पेटीतले पसरताच मात्र त्यांनी झेप घेऊन कोंबडा छातीशी धरला.



"तळ्यातल्या बदकांना असं उचलून घ्यायला कुणी नव्हतं, काका," मैनावती म्हणाली.

राजेसाहेबांनी शिकारखान्याच्या किल्ल्या तिच्या हाती ठेवल्या. "पण पोरी, छर्ऱ्यांना साधा चुंबक लावला असतास तरी कळलं असतं!"

"चुंबकाने शिसं कळलं असतं, मामासाहेब. ते कुणाला आधीपासून ठाऊक होतं, हे कोंबड्यामुळे कळलं."