एफुआने दाखवलेली फळी

मुलांनो, या गोष्टीत जंगल नाही. एक लाकडाचे घर आहे, आणि ते पाण्यावर चालते.

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका बंदरातल्या जहाजात उंदरांचे एक मोठे कुटुंब राहत असे. जहाजाच्या पुढच्या टोकाला लाकडात कोरलेली एक हसरी बाई होती. दर फेरीनंतर सुतार तिचे गाल नव्याने गुलाबी रंगवत. फेरी नेहमी तीच असे. बंदरात कापड, लोखंडी भांडी, बंदुका आणि बेड्या चढत. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाई. तिथे कापड, भांडी आणि बंदुका उतरत, आणि त्यांच्या बदल्यात पकडून आणलेली माणसे चढत. बेड्या उतरत नसत. त्यांचे काम तिथूनच सुरू होई. मग जहाज मोठा समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर जाई. तिथे ती माणसे उसाच्या मळ्यांवर मरेपर्यंत राबायला विकली जात, आणि त्यांच्याआधी नेलेल्यांनी पिकवलेली साखर भरून जहाज घरी येई. मग पुन्हा कापड, भांडी, बंदुका, बेड्या.

उंदरांच्या कुटुंबातला सर्वांत म्हातारा उंदीर अशा नऊ फेऱ्या करून बसला होता. सगळे त्याला आजोबा म्हणत. त्याने एक रीत घालून दिली होती. फळ्यांच्या फटी बुजवायला जहाजावर काथ्याची पोती असत. आफ्रिकेचा किनारा सुटला, की घरातल्या मोठ्यांनी त्यातला काथ्या घेऊन त्याचे बोळे कानात घालायचे आणि कप्तानाच्या बिस्किटांच्या कोठीत जाऊन पडायचे. बेटे आली की बोळे काढायचे. त्या दोन महिन्यांना त्यांनी 'मधली झोप' असे नाव दिले होते. आपण काही वाईट करतो असे त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नव्हते. ते फक्त झोपत होते.

याच कुटुंबात एक तरुण उंदरीण होती. तिला कानात बोळे सहन होत नसत. त्यामुळे पहिल्याच फेरीत तिने सगळे ऐकले होते.

तिच्या दुसऱ्या फेरीला जहाज निघाले आणि ती आजोबांसमोर जाऊन बसली. "आजोबा, आपण इतके जण आहोत. एक फळी जरी कुरतडली, तरी हे जहाज पुन्हा तिकडे जाणार नाही."

"पोरी, आत्ता खाली काय आहे?"

"कापड."

"कापड रडतंय का?"

"नाही."

"मग? जे अजून झालंच नाही, त्यासाठी घर बुडवायचं?" आजोबा मिशांतल्या मिशांत हसले. "तुझ्या वयात आम्हालाही असंच वाटायचं हो."

"मग काय झालं?"

"मग भूक लागली."

सगळे खो खो हसले. उंदरीण हसली नाही.

आफ्रिकेचा किनारा आला. जहाज तिथे तीन महिने उभे राहिले, कारण पोट भरल्याशिवाय ते हलत नसे. माणसे थोडी थोडी करून चढत होती. पुरुषांना दोघादोघांच्या पायांत एक बेडी घालून खालच्या मजल्यावर कोंबले. बायका आणि मुले मागच्या खणात कोंडली. जहाजाच्या कडेने जाळी ताणली, कुणी समुद्रात उडी टाकू नये म्हणून. किनारा सुटला. मोठ्या उंदरांनी बोळे घातले आणि ते कोठीत गेले.

उंदरीण धावतच तिथे पोचली. तिने आजोबांच्या कानातला बोळा दातांनी ओढून काढला. "आता झालं ना? आता तरी चला!"

"आता?" आजोबा चिडले. "आता फळी फोडलीस तर आधी बुडतील ते खालचेच. बांधलेले आहेत ना ते! जरा विचार करत जा. आणि तो बोळा दे इकडे."

म्हातारा या वेळी खरे बोलत होता, आणि त्याचाच उंदरिणीला सगळ्यांत जास्त राग आला.

शेजारी मावशीने अजून एकच बोळा घातला होता; ती डोळे न उघडताच म्हणाली, "अगं, एवढं काही नसतं. रोज वर नेऊन नाचवतात त्यांना. मी स्वतः पाहिलंय. नाचणारी माणसं कधी दुःखी असतात का?"

"चाबूक कुणाच्या हातात होता, ते पाहिलं का मावशी?"

"मला मेलीला इतक्या लांबचं दिसत नाही," मावशी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

उंदरीण बायकांच्या खणात गेली. तिथे हवा जाड होती. कुणी ओकत होते, कुणी तापाने फणफणले होते, आणि कुणी उठून बसावे म्हटले तर डोक्यावर जागा नव्हती. एका कडेला एक बाई जहाजाच्या फळीला पाठ लावून पडली होती. तिच्या खाण्यातले दोन उकडलेले पावटे खाली सांडले होते. उंदरिणीने ते उचलले नाहीत. तिने बाईकडे पाहिले.

"घे," बाई म्हणाली. "निदान तू तरी विचारून घेतेस. तुमच्यातले काही जण आमचे पाय चावून जातात."

उंदरिणीने मान खाली घातली. "तुमचं नाव काय?"

बाईने मान वळवून तिच्याकडे पाहिले. जहाजावर चढल्यापासून हे कुणीच विचारले नव्हते. "एफुआ."

"एफुआताई, मी हे जहाज बुडवते. तुम्ही सांगा, कधी बुडवू?"

एफुआ हसलीही नाही आणि रडलीही नाही. ती फार थकलेली होती. "आत्ता नको. पलीकडे माझा भाऊ आहे. त्याच्या पायाला दुसऱ्याचा पाय बांधलाय. पाणी आलं तर दोघांना उठताही येणार नाही. आणि हे दार बाहेरून बंद आहे."

"म्हणजे आजोबांचंच खरं? काहीच करायचं नाही?"

"तसं कुठे म्हटलं मी?" एफुआने कुशीवर वळून हात फळीवर ठेवला. "आमच्या घरी लाकूड कोरून होड्या करतात. वडील प्रत्येक ओंडका आधी ठोकून बघायचे. मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. हे ऐक." तिने बोटाच्या हाडाने एका फळीवर ठोकले. टण् असा आवाज आला. मग तिने पाठीमागच्या फळीवर ठोकले. तिथे आवाज दबून गेला. "रोज माझी पाठ इथे ओली होते. ही फळी आतून कुजली आहे. वरून रंग आहे, म्हणून यांना कळलेलं नाही."

उंदरिणीने त्या जागी नाक लावले. जुन्या पावसाळी लाकडाचा वास येत होता.

"जहाज रिकामं होईल तेव्हा ही कुरतड," एफुआ म्हणाली. "बंदरात. कुणी आत नसताना."

"पण तोवर तुम्हाला तर..."

"हो. आम्हाला उतरवलेलं असेल." एफुआने डोळे मिटले. "हे आमच्यासाठी होणार नाही, बाळा. आमच्यानंतर ज्यांना आणणार असतील ना, त्यांच्यासाठी."

त्यानंतर एफुआ फारशी बोलली नाही. एका सकाळी तिच्या शेजारची मुलगी उठली नाही आणि खलाशांनी तिला वर नेऊन समुद्रात टाकले. एफुआ दिवसभर एकच गाणे पुटपुटत राहिली. उंदरीण तिच्या पायाशी बसून राहिली आणि दुसऱ्या उंदरांना तिने जवळ येऊ दिले नाही. तिला एवढेच करता आले.

बेटे आली. माणसांच्या अंगाला तेल चोळले, म्हणजे ती निरोगी दिसावीत. मग त्यांना उतरवले. एफुआला एकीकडे नेले, तिच्या भावाला दुसरीकडे. एफुआने दोनदा वळून पाहिले. तिसऱ्यांदा तिला वळू दिले नाही. उंदरिणीने दोरावर चढून पाहिले. पण धक्क्यावर गर्दी होती आणि सगळ्या गर्दीला एकच आवाज होता; त्यात एफुआचा वेगळा कळेना.

खालचा मजला व्हिनेगरने धुतला. साखरेची पिंपे चढली. मोठ्या उंदरांनी बोळे काढले, आळस दिला, आणि एका पिंपाच्या फटीला तोंड लावले.

"काय गं, अजून रुसलीस?" आजोबांनी विचारले. त्यांच्या मिशांना साखर लागली होती. "आता खाली कोण आहे सांग? कुणीच नाही. मग आता कुणासाठी बुडवायचं? गेले ते गेले. खा जरा, बरं वाटेल."

उंदरिणीने पहिल्यांदा सगळे एकापाठोपाठ मांडून पाहिले. जाताना काही झालेले नसते. मध्ये काही करता येत नाही. येताना सगळे संपलेले असते. नऊ फेऱ्या आजोबांनी हेच केले होते, आणि दर वेळी त्यांच्याजवळ कारण होते, आणि प्रत्येक कारण ऐकायला शहाण्यासारखे होते. ती भांडली नाही. भांडण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते. तिने दातांना मात्र धार लावून ठेवली.

बंदर आले. साखर उतरली. रिकामे जहाज पाण्यावर उंच तरंगू लागले, इतके की एफुआची फळी पाण्याच्या वर आली. सुतार आले. हसऱ्या बाईचे गाल रंगवणे सुरू झाले. वरची ठोकाठोक इतकी होती, की आजोबांनी, मावशीने आणि बाकीच्या मोठ्यांनी बंदरातही बोळे घातले. आता त्यांना त्यांची सवयच झाली होती.

उंदरिणीने कुरतडायला सुरुवात केली. वर हातोडा पडला की ती दात मारी, हातोडा थांबला की थांबे. पहिल्या दिवशी चिमूटभर भुसा निघाला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आले. कधी कधी तिला वाटे, आपणही तो बोळा घालावा आणि झोपावे. कुणी काही म्हणणार नाही. मग ती फळीवर डोके ठेवून थोडी पडे आणि पुन्हा उठे. नवव्या दिवशी तिच्या दातांना डांबराची चव लागली. जहाजाला बाहेरून लावलेला डांबराचा थर तेवढा राहिला होता, तो तिने तसाच ठेवला.

मग माल चढू लागला. कापड चढले, भांडी चढली. जहाज थोडे खाली बसले. बंदुकांच्या पेट्या चढल्या, आणखी खाली बसले. शेवटी बेड्यांची पिंपे आली, आणि त्यांच्या वजनाने एफुआची फळी पुन्हा पाण्याखाली गेली, जिथे ती नेहमी असायची. डांबराचा थर फुटला, आणि त्याच्यामागे कुजलेली फळीही उकलली.

उंदरीण कोठीत धावली. प्रत्येकाच्या कानातला बोळा तिने स्वतः काढला. "पाणी आलंय. चला. दोर अजून धक्क्याला बांधलेला आहे."

खलाशी ओरडत फळकुटावरून धक्क्यावर उतरले. उंदीर दोरावरून उतरले. संध्याकाळपर्यंत जहाज बंदराच्या चिखलात बसले. पाणी तिथे फार खोल नव्हते. ती हसरी बाई तेवढी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, गाल अगदी ताजे गुलाबी.

धक्क्यावर भिजलेले आजोबा थरथरत होते, थंडीने की रागाने ते सांगता येत नाही. "घर घालवलंस! आणि मिळवलंस काय? या बंदरात अशी वीस जहाजं आहेत."

"सकाळी वीस होती," उंदरीण म्हणाली.

"तुला काय वाटतं, त्यामुळे काही थांबणार आहे?"

"माहीत नाही, आजोबा. मला फार झोप आली आहे. पण आत्ता नाही झोपत."

ती पुढच्या जहाजाच्या दोरापाशी गेली आणि हळूहळू वर चढली. तिचे दात अजून दुखत होते. वर एक अनोळखी म्हातारा उंदीर ऊन खात बसला होता. त्याच्या शेजारी काथ्याचे दोन बोळे नीट गुंडाळून ठेवलेले होते.

"ये, ये पोरी," तो प्रेमाने म्हणाला. "दमलेली दिसतेस. बस निवांत. सध्या काही गडबड नाही, जहाज रिकामं आहे."

"म्हणूनच आले," उंदरीण म्हणाली, आणि एकेक फळी ठोकून ऐकत खाली उतरली.

तात्पर्य : अन्याय चालू असताना हात बांधलेले असतात आणि तो संपल्यावर कुणाला निकड वाटत नाही, म्हणून तो पुन्हा सुरू होण्याआधी, सगळे निवांत असतानाच, त्याची फळी कुरतडावी. आणि कोणती फळी, हे झोपलेल्यांना नव्हे, तिला पाठ लावून पडलेल्यांना विचारावे.