अध्यक्षांचा परिचय

शिक्षण संस्थेचे अध्यक्ष रंगराव थोरबोले यांचा दंडकच होता: समारंभात परिचय करून देताना त्यांचं एकही पद गाळायचं नाही. यंदा ते काम 'कमवा आणि शिका' योजनेतली विद्यार्थिनी रेवती सुतार हिच्याकडे आलं. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, कुस्ती संघ, तिने सगळी अध्यक्षपदं खणखणीत आवाजात वाचली.

रंगराव खुशीत बोलायला उठले. "पुढच्या महिन्यापासून ही योजना बंद," ते म्हणाले. "ग्रंथालयात, बागेत राबून पोरांचं अभ्यासातलं लक्ष उडतं. माणसानं एका वेळी एकच काम करावं, तरच ते नीट होतं."

या पोरांची फी त्याच कामातून निघत होती.

रेवती अजून माइकपाशीच होती. "साहेब, मी आत्ता वाचलेल्यांपैकी आपलं नीट चाललेलं एक काम कोणतं, तेवढं सांगा. आम्ही आजच आमचं काम सोडतो."

रंगरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. कारखान्याचे, सूतगिरणीचे, दूध संघाचे संचालक कान टवकारून बसले होते.

"योजना चालू राहील," रंगराव घसा खाकरत म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी माझा परिचय जरा थोडक्यात करा."