न वाचता दिलेला होकार

निवृत्त न्यायाधीश दिगंबरराव राजोपाध्ये यांनी घरचा संगणक उघडला की बातम्यांऐवजी रमीची जाहिरात येई.

"हे तुझंच काम! न वाचता 'हो' दाबणारा माणूस मूर्ख असतो," त्यांनी पत्नीला निकाल ऐकवला.

इंदुमतीबाईंना ते लागलं. त्यांनी ब्राउझर तपासला, त्यात घुसलेलं जाहिरातींचं एक्स्टेन्शन काढून टाकलं आणि बातम्यांचं पान परत आणलं.

"तुम्ही गाण्यांचा फुकटचा प्लेअर घेतलात ना, त्याच्याबरोबर आलं होतं हे."

दिगंबरराव वरमले. "म्हणजे माझ्याच निकालानं मूर्ख मी ठरलो!"

"असं नका म्हणू. माझी पत्रिकासुद्धा न वाचताच 'हो' म्हणाला होतात तुम्ही."

दिगंबररावांनी हसत खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तेव्हा नशिबानं तारलं. यापुढे 'हो' दाबण्याआधी तुला विचारीन."