दोन बटणांमधलं अंतर

“मग चूक कुठे आहे, तेवढं दाखवा बाई.”

शार्दूल खेडकरनं लॅपटॉप काळमेघबाईंच्या पुढ्यात सरकवला. पुण्याहून रात्रभर बसचा प्रवास करून तो अमरावतीला आला होता. समोरचा चहा तसाच निवत होता.

बाई खुर्चीत रेलून बसल्या होत्या. कला महाविद्यालयात त्यांनीच त्याला पानाची मांडणी शिकवली होती. आता शिकवणं सुटलं होतं. कंपवातानं उजवा हात सारखा हलायचा. तो त्या डाव्या हाताखाली दाबून ठेवत.

पडद्यावर अमरावतीतल्याच एका डायलिसिस केंद्राची वेबसाइट होती. शार्दूलनं केलेली. रुग्णांनी आपली पुढची वेळ तिच्यावरून घ्यायची. खाली दोन बटणं, शेजारी शेजारी. ‘वेळ पक्की करा’. ‘वेळ रद्द करा’.

“लोक पक्की करायला जातात आणि रद्द करून बसतात,” तो म्हणाला. “मागच्या आठवड्यात तायडे नावाचे एक पेशंट आले, तर त्यांची वेळच रद्द झालेली. उद्या या म्हणून परत पाठवलं. घरी गेल्यावर श्वास लागला. आयसीयूत न्यावं लागलं.”

“वाचले?”

“वाचले. पण केंद्राची समिती म्हणते, दोष डिझाइनचा.”

त्यानं पडद्यावर मापं घ्यायची पट्टी उघडली. एका बटणाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत ओढली. आकडा उमटला.

“हे बघा. आराखड्यात जे अंतर, तेच इथे. लॅपटॉपवर मोजलं, टॅबवर मोजलं, फोनवर मोजलं. माझ्या कामात एक पिक्सेल हलत नाही, बाई. लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात.”

“मग तू माझ्याकडे कशाला आलास?”

“समितीत तुमचे जुने विद्यार्थी आहेत, ते तुमचा शब्द मानतात. माप बरोबर आहे, एवढं तुम्ही सांगा.”

बाईंनी पट्टीकडे पाहिलंही नाही.

“फोन दे.”

त्यानं फोनवर तेच पान उघडून दिलं. बाईंनी दाबलेला हात मोकळा केला. बोट बटणाच्या वर आलं, थरथरलं, खाली टेकलं.

वेळ रद्द झाली.

“हात हलला तुमचा,” शार्दूल म्हणाला.

“हलतो.”

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा रद्द.

तिसऱ्या खेपेला त्याच्यानं बघवेना. त्यानं पुढे वाकून बाईंचं मनगट धरलं. बोट स्थिर झालं. वेळ पक्की झाली.

“बघा, येतंय की!”

बाईंनी मनगटावरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं. त्या थकल्या होत्या.

“तिथे कोण धरतं?”

त्यानं हात काढून घेतला. लॅपटॉप मिटला.

दुपारी तो केंद्रात गेला. वेबसाइट करताना त्यानं इथले फोटो तेवढे मागवले होते. पाय आज पहिल्यांदा ठेवत होता.

लांबट खोली. भिंतीलगत पलंग. प्रत्येक पलंगाशी एक यंत्र, आणि माणसाचा एक हात नळ्यांनी त्या यंत्राला जोडलेला. तो हात हलवायचा नाही. पुढची वेळ घ्यायची ती दुसऱ्या हातानं. फोन पोटावर टेकवून, एकट्या अंगठ्यानं.

शार्दूल दाराशीच थबकला.

खिडकीजवळच्या पलंगावर नर्सनं एका म्हाताऱ्या माणसाला नुकतंच यंत्र लावलं होतं. “तायडेकाका, हात सरळ ठेवा,” असं म्हणून ती पुढे गेली.

तो त्यांच्या उशाशी जाऊन उभा राहिला.

“कोण पेशंट हाये भाऊ तुमचे?” तायड्यांनी विचारलं.

“पेशंट नाही. ती वेबसाइट… मी तिचं काम बघतो.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम ओशाळला.

“बरं झालं भेटले. त्या दिवशी माहीच चूक झाली जी. डोयानं बरोबर दिसत नाही आता, अंगठा भलतीकडं पडला.” ते दम खात थांबले. “माह्यापायी कोणाले बोलणं तं नाही ना खा लागलं?”



“नाही,” तो कसाबसा म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं काम काढलं. पक्की करायचं बटण मोठं केलं, अंगठ्याखाली येईल असं, एकटं. रद्द करायचं लांब वर नेलं. दाबलं तर ते आधी विचारेल, खरंच रद्द करायची का? मग आत जाऊन एका पेशंट बाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी शेजारणीशी बोलता बोलता, नीटसं न बघताच दाबलं. वेळ पक्की झाली.

तायड्यांच्या पलंगाकडे न बघता तो निघाला.

तो परतला तेव्हा काळमेघबाई त्याच खुर्चीत होत्या. त्यानं फोन पुढे केला. बाईंचं बोट थरथरत उतरलं आणि नेमकं बसलं.

“समितीला मी कळवलंय,” तो म्हणाला. “चूक माझी होती म्हणून. तुम्ही काही सांगू नका.”

बाईंनी मान हलवली.

“तायडे भेटले?”

“भेटले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले… चूक त्यांचीच.”

“आणि तू?”

शार्दूल लॅपटॉप सॅकमध्ये भरू लागला.

बाईंनी डोळे मिटले. झोप लागली असावी असं त्याला वाटलं. तो सॅक उचलायला वाकला, तोच त्यांनी विचारलं,

“यंत्रावर केव्हा घेतलं त्यांना?”

“मी गेलो तेव्हाच. चार तास चालतं, म्हणत होती नर्स.”

“मग अजून तिथेच असतील.”