खिंडीतली पेज

फार फार वर्षांपूर्वी, निरोप माणसांच्या पायांनी जायचे त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक आई राहत होती. तिला एक मुलगी होती आणि शंभर काळज्या. मुलीचं नाव सगुणी. काळज्यांना नावं नव्हती, पण त्या रोज सगुणीच्या आधी उठायच्या.

डोंगरावर गड होता. गावचा निरोप पळत गडावर नेणाऱ्याला जासूद म्हणत. गावची जासूद आता म्हातारी झाली होती, म्हणून मार्गशीर्षात नवा जासूद निवडायचा होता. रीत अशी की, पळणाऱ्या सगळ्या मुलामुलींना एकच निरोप सांगायचा. गडावर पोचून जो सगळ्यांत आधी तो अचूक सांगेल, तो जासूद. नुसतं पोचून भागत नसे. घोडासुद्धा पोचतो, असं किल्लेदार म्हणत.

अर्ध्या वाटेवर एक खिंड लागे. तिथे प्रत्येकाची आई हातात वाटी घेऊन उभी राही. वाटीत काय द्यायचं, ते आईनं ठरवायचं. त्या एका वाटीवरून गावात पुढे वर्षभर बोललं जाई.

सगुणीला जासूदच व्हायचं होतं. पाच वर्षांची असल्यापासून ती विहिरीवरून निरोप आणायची, तेही बोलणाऱ्याच्या आवाजात. "आई, काकू म्हणाल्या, ताक झालंय, लोटा घेऊन ये, आणि मागचा लोटाही आण!"

आई लिहायला-वाचायला शिकलेली होती. निवडीला महिना उरला, तशी ती पाटी घेऊन गावभर फिरली. पळणाऱ्या मुलीला काय खायला घालावं? वैद्यबुवा म्हणाले, तूप. तेलीणबाई म्हणाली, तीळ. देवळातले पुजारी म्हणाले, अनशापोटी कच्चं दूध. घरी येईपर्यंत पाटी भरली होती, आणि तिच्यावरच्या निम्म्या गोष्टी उरलेल्या निम्म्यांशी भांडत होत्या.

शेजारीण कुंपणावरून डोकावून हसली. तिची मंजुळी हरणासारखी पळायची.

"वहिनी, एवढं डोकं कशाला शिणवता? भाकरी कमी करा. अंग हलकं तर पाय हलके! आमची मंजुळी दुपारी नुसतं ताक पिते."

आईला ते पटलं. सोपं होतं म्हणून पटलं, हे तिला फार पुढे कळलं. तिनं पाटी पुसली आणि एकच ओळ लिहिली: दुपारी अर्धी भाकरी.

सगुणीनं ती ओळ वाचली आणि अर्धीच भाकरी खाल्ली. पहिले चार दिवस बरे गेले. मग ती चढावर मागे पडू लागली. आईला वाटलं, अजून अंग जड असेल. अर्धीची चतकोर झाली. सगुणी संध्याकाळी चिडचिड करू लागली, केस विंचरताना रडू लागली. आई म्हणाली, "वयच तसं आहे." पण म्हणताना तिचा तिलाच विश्वास बसला नाही.

एका संध्याकाळी सगुणी सरावाहून वेळेवर परतली नाही. आई धावत सुटली. सगुणी ओढ्याकाठी दगडावर बसली होती. ओठ पांढरे, हात गार.

"आई, तू सकाळी दिलेला निरोप मला आठवतच नाही गं," ती म्हणाली. "मी आता निरोपसुद्धा विसरायला लागले."

आईनं लेकीला पाठुंगळी घेतलं. तेरा वर्षांची मुलगी इतकी हलकी लागली की तिला हुंदका फुटला. हलकं अंग हवं होतं ना तुला? घे मग, ती स्वतःला म्हणाली.

वाटेतच म्हाताऱ्या जासुदीची झोपडी होती. ती अंगणात शेळ्या बांधत होती. आईनं सगळं सांगितलं, पाटीसकट.

"चुलीत लाकूड न घालता भात शिजवून दाखव बघू," म्हातारी म्हणाली.

"म्हणजे उद्यापासून भरपूर घालू? तूप, लाडू, दोन-दोन भाकऱ्या?"

"झालं! आता चूल कोंबून विझव!" म्हातारी खो खो हसली. मग हळूच म्हणाली, "गावभर विचारत फिरलीस. पोरीला विचारलंस का गं, भूक लागते का म्हणून?"

आईनं नाही म्हणून मान हलवली. वर बघायची तिला लाज वाटली.

घरी आल्यावर तिनं सगुणीला जवळ घेतलं आणि विचारलं.

"रोज लागायची," सगुणी म्हणाली. "पण तू पाटीवर लिहिलं होतंस. आणि तू इतकी काळजीत असायचीस, मग मी अजून कशाला…"

त्या दिवशी पाटी माळ्यावर गेली. सकाळी नाचणीची भाकरी आणि दूध, दुपारी भात आणि कुळथाचं पिठलं, पळून आल्यावर लगेच मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. चढ चढायच्या दिवशी जास्त भूक, विसाव्याच्या दिवशी कमी, हे सगुणीच सांगायची. तिनं "बास" म्हटलं की आईला गप्प बसावं लागे. ते तिला भाकरी थापण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. पण पंधरा दिवसांत सगुणीच्या गालांवर रंग आला आणि ती पुन्हा बोलणाऱ्याच्या आवाजात निरोप सांगू लागली.

निवडीचा दिवस उजाडला. सगुणीनं पहाटेच मऊ भात खाल्ला होता. उन्हं आल्यावर पाटलांनी मुलांना निरोप सांगितला आणि सगळी डोंगराकडे पळाली.

खिंडीत वाट्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. केशरी दूध होतं, शिरा होता. शेजारणीच्या वाटीत घट्ट बासुंदी होती. तिनं आईच्या वाटीत डोकावून पाहिलं.

"पेज? अहो वहिनी, गडावर पोर पाठवताय की बाळंतिणीला भेटायला?"

बायका हसल्या. आईच्या वाटीत तांदळाची पातळ पेज होती. चिमूटभर मीठ, थोडा गूळ, बस.

"माझ्याकडे जास्तीची बासुंदी आहे," शेजारीण मनापासून म्हणाली. "घ्या, संकोच करू नका. आज लोक बघतायत."

आईचा हात पुढे गेला. लोक खरंच बघत होते. तेवढ्यात तिला ओढ्याकाठचा गार हात आठवला आणि तिनं आपला हात मागे घेतला.

"नको. पेजच बरी."

मंजुळी सगळ्यांत पुढे आली. महिनाभराची उपाशी पोर, बासुंदी एका दमात प्यायली आणि पळाली. पुढच्याच वळणावर तिनं कुशीला हात लावला, पण थांबली नाही. मग सगुणी आली. चार घोट प्यायली, वाटी परत दिली, म्हणाली, "बास."

"अजून दोन घोट" हे शब्द आईच्या ओठांवर आले. तिनं ते गिळले.

मुलांची वाट पुढे वळसा घालून जाई; आया जवळच्या पायवाटेनं गड चढल्या. त्या पोचल्या तेव्हा मंजुळी किल्लेदारांसमोर उभी होती. ती पहिली आली होती. पण तिचा चेहरा घामानं डबडबला होता आणि जीभ अडखळत होती.

"सोमवारी तळं… नाही, कडबा बंद… दोन हात…"

किल्लेदारांनी वाट पाहिली. मग त्यांनी हळूच तिला बाजूला बसवलं आणि सगुणीला बोलावलं.

सगुणीनं एकदा खोल श्वास घेतला. "खालच्या तळ्याचं पाणी दोन हात उतरलंय. वरच्या पाटाचं दार पौर्णिमेपर्यंत बंद ठेवा. घोड्यांचा कडबा सोमवारी येईल." आणि ते सगळं पाटलांच्या खर्जातल्या आवाजात. किल्लेदारांना हसू आवरेना.

गावाला नवी जासूद मिळाली. ढोल वाजू लागले.

आईनं लेकीला पोटाशी धरलं. पण तिची नजर बुरुजाकडे होती. तिथे मंजुळी गुडघ्यात डोकं घालून बसली होती, आणि शेजारीण काय करावं न सुचून नुसती उभी होती. आई तिकडे गेली. स्वतःच्या दुपारसाठी बांधून आणलेली भाकरी तिनं सोडली आणि मंजुळीपुढे धरली.

मंजुळीनं आपल्या आईकडे पाहिलं. शेजारणीनं मान हलवली. पोरीनं हळूहळू, एकेक तुकडा करत भाकरी संपवली, मग ती पाणी प्यायली, तटाला टेकून थोडी पडून राहिली. बऱ्याच वेळानं ती उठून बसली आणि कुणी न विचारता म्हणाली, "तळ्याचं पाणी दोन हात उतरलंय, पाटाचं दार पौर्णिमेपर्यंत बंद, कडबा सोमवारी. आई, मला येत होतं गं."

शेजारीण मटकन खाली बसली. "मला वाटलं, हलकी राहिली तर पुढे जाईल."

"मलाही तसंच वाटलं होतं," आई म्हणाली आणि तिच्याशेजारी टेकली.

"आई, अजून आहे का?" मंजुळीनं विचारलं. शेजारणीनं डोळे पुसले, आईच्या हातून दुसरी भाकरी घेतली आणि स्वतःच्या हातानं मोडून लेकीला दिली.

तात्पर्य: पायांकडून काम हवं असेल तर आधी पोटाचं ऐका. आणि भूक किती हे ज्याचं पोट त्यालाच विचारा, अख्ख्या गावाला नको.